पाठ टेकायला जागा

रेल्वेच्या इतिहासाची पुस्तकं मी बरीच वाचली. काही शाळेत इतिहास शिकवायचा म्हणून, तर काही निवृत्तीनंतर निव्वळ हौस म्हणून. त्या सगळ्या पुस्तकांत इंजिनं असतात, पूल असतात, बोगदे असतात, उद्घाटनाला आलेले लाटसाहेब असतात. पण लांबच्या गाडीने दोन-तीन रात्री काढून आलेल्या माणसाला घरच्यांनी पहिला प्रश्न काय विचारलेला असतो, आठवा बरं. इंजिन कोणतं होतं, पूल किती लागले, असं कोणीही विचारत नाही. "जागा मिळाली होती का? झोप झाली का?" एवढंच विचारतात.

मंडळी, मला वाटतं आपल्या देशातल्या लांबच्या रेल्वेप्रवासाचा खरा इतिहास या दोन प्रश्नांत आहे. सामान्य माणसाला पाठ टेकायला जागा कधी मिळाली, कोणी दिली आणि अजून कोणाला मिळालेली नाही, हे त्यात येतं. तो इतिहास कुठल्या पाठ्यपुस्तकात मला सलग सापडला नाही. म्हणून जेवढा मला ठाऊक आहे तेवढा इथे मांडतो.

आमचं कोळगाव पालघरला लागून, पालघर-बोईसर रस्त्यावर. पूर्वी गावाचं नाव सांगितलं की "ते कुठे आलं?" असा प्रश्न ठरलेला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि पुढे जिल्ह्याचं मुख्यालय आमच्या कोळगावातच आलं, तेव्हापासून तो प्रश्न बंद झाला. आता जिल्हाधिकारी कार्यालयाच्या त्या मोठ्या इमारती लोक लांबून बघायला येतात. पण गावाच्या जवळून जाणारे रूळ या सगळ्याच्या दीडशे वर्षं आधीपासून आहेत. दिल्ली, अमृतसर, डेहराडून, गोरखपूर, जयपूर, राजकोट, ओखा, सगळीकडच्या गाड्या या रुळांवरून गेल्या आणि जातात. कोकण रेल्वे झाल्यापासून गुजरातहून केरळला जाणाऱ्या गाड्याही आमच्या दारावरूनच जाऊन पुढे वसईला वळतात. भारताचा नकाशा शिकवायला मला फळ्याची फारशी गरज कधी पडली नाही. गाडीच्या डब्यावरच्या पाट्या पुरत.

रेल्वेच्या आधी लांबचा प्रवास कसा होता हे कळायला आपल्या मराठीत एक उत्तम पुस्तक आहे, विष्णुभट गोडसे वरसईकरांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक ब्राह्मण घरचं कर्ज फिटावं म्हणून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, एवढाच हेतू. नेमका तोच बंडाचा काळ. पुणे, नगर, धुळे करत सातपुडा ओलांडून हे दोघे माळव्यात पोचले आणि पुढे झाशी, काल्पी, लखनौ, अयोध्या, काशी असं फिरत राहिले. घरी परतायला दोनेक वर्षं गेली. येताना मिळालेला पैसा वाटेत लुटला गेला, पण गंगेच्या पाण्याची कावड त्यांनी खांद्यावरून वरसईपर्यंत आणली आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घातलं. १८८३ साली त्यांनी हे सगळं लिहून काढलं आणि चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ मध्ये छापलं.

त्या पुस्तकात लढाया आहेत, झाशीची राणी आहे. पण मी ते दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा माझं लक्ष भलतीकडेच गेलं. रात्र झाली की हे दोघे कुठे निजतात? धर्मशाळा, देऊळ, कोणाची ओसरी, नाहीतर झाडाखाली. पायी प्रवासात चालण्याचे कष्ट भयंकर, पण संध्याकाळ झाली की थांबता येतं आणि अंग टाकायला जमीन असते. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आता आमच्या रुळांकडे येतो. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे आमच्या जुन्या लोकांची "बीबीसीआय", ही कंपनी १८५५ साली स्थापन झाली. पुष्कळांना वाटतं की हा मार्ग मुंबईहून निघून गुजरातेत गेला. प्रत्यक्षात काम सुरू झालं गुजरातेत. पहिली गाडी १८६० च्या फेब्रुवारीत अंकलेश्वर ते सुरतेजवळच्या उत्राणपर्यंत धावली, आणि मार्ग दक्षिणेला सरकत सरकत २८ नोव्हेंबर १८६४ ला मुंबईत ग्रँट रोडला पोचला. वैतरणा आणि वसईची खाडी ओलांडून यायचं होतं. घाई कशाची होती? कापसाची. १८६१ पासून अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि गुजरातचा कापूस मुंबई बंदरात लवकर पोचायला हवा होता. म्हणजे आमच्या भागात आगगाडी आली ती गाठोड्यांसाठी. माणसं मागून चढली.

आणि कशी चढली! आगगाडीत कोणी बसेल का, जातपात सोडून एका बाकावर लोक टेकतील का, अशी शंका सुरुवातीला साहेबांनाही होती. ती काही महिन्यांत फिटली. ७ मार्च १८७० ला मुंबई-कलकत्ता हा सलग मार्ग जबलपूरकडून जोडला गेला. १८७१ साली रायचूरला मद्रासचे रूळ येऊन मिळाले. गोडसे भटजींना चालत जायला महिनोनमहिने लागलेली काशी तेरा-चौदा वर्षांत काही दिवसांवर आली. काशीयात्रेला निघालेला माणूस पूर्वी घरादाराचा निरोप घेऊन, निरवानिरव करून निघायचा. आता तो परतीचं तिकीट काढू लागला. एका पिढीत एवढा बदल आपल्या देशात त्याआधी झाला असेल असं मला वाटत नाही.

पण गोडसे भटजींना जे मिळत होतं ते या नव्या प्रवाशाकडून गेलं. संध्याकाळ झाली तरी गाडी थांबत नाही, आणि अंग टाकायला जमीन नाही. तिसऱ्या वर्गाचा डबा म्हणजे लाकडी बाकं, तीही फक्त बसण्यापुरती. दोन रात्री असोत की तीन, बसून काढायच्या.

हे कोणी नीट लिहून ठेवलं असेल तर गांधीजींनी. दक्षिण आफ्रिकेतून १९१५ साली परत आल्यावर त्यांनी तिसऱ्या वर्गाने देश पालथा घातला. १२ सप्टेंबर १९१७ ला ते मुंबईहून मद्रासला निघाले. तिकीट तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर पाटी होती बावीस माणसांची, आणि तीही बसलेल्या. झोपायला फळी नाही, आणि मद्रासपर्यंत दोन रात्री. पुण्यापर्यंत डब्यातली दांडगी माणसं दार अडवून उभी राहिली म्हणून बावीसच राहिले. रायचूरनंतर मात्र ती संख्या पस्तिसाच्या घरात गेली. माणसं खाली घाणीत पडून होती, काही उभीच होती, आणि सबंध वाटेत डबा एकदाही झाडला गेला नाही. हे सगळं त्यांनी रांचीहून वर्तमानपत्रांना कळवलं. त्यात त्यांचा हिशोब बनियाचा, अगदी चोख आहे. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपट. मग तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या एक पंचमांश, निदान एक दशांश तरी सोय मिळते का? रेल्वेचा खर्च तिसऱ्या वर्गाच्या गर्दीच्या पैशातून निघतो आणि सोयी मात्र मूठभरांना, हा त्यांचा मुद्दा. आठवीच्या वर्गात हा हिशोब मी दर वर्षी फळ्यावर मांडत असे. मुलांना अपूर्णांक आणि स्वातंत्र्यलढा एकाच तासात कळायचे.

यानंतर अकरा वर्षांनी, १ सप्टेंबर १९२८ ला आमच्या रुळांवरून एक नवीन गाडी धावू लागली, फ्रंटियर मेल. मुंबई ते पेशावर, जवळजवळ २,३०० किलोमीटर. विलायतेची बोट आली की बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून साहेबलोक थेट या गाडीत बसत आणि दिल्ली, लाहोर, रावळपिंडी करत सरहद्दीपर्यंत जात. १९३४ साली तिला थंड हवेचा डबा जोडला गेला. डब्याखाली बर्फाच्या लाद्या भरायच्या, वितळल्या की पुढच्या ठरलेल्या स्थानकावर नव्या भरायच्या आणि त्यावरून वारा आत सोडायचा. आजच्या एसी डब्यांची ही पणजी म्हणायची. त्याच गाडीच्या, त्याच रुळांवरच्या दुसऱ्या टोकाच्या डब्यात माणसं मांडीला मांडी लावून, फिरकीचा तांब्या पायांत धरून बसलेली असत. जानेवारी १९४१ मध्ये कलकत्त्याच्या घरातून निसटलेले सुभाषबाबू दिल्लीहून पेशावरला गेले ते याच फ्रंटियर मेलने, मोहम्मद झियाउद्दीन या नावाने, वेश पालटून.

१९४७ ला फाळणी झाली आणि गाडी अमृतसरला थांबू लागली. तिचं नाव ज्या सरहद्दीवरून पडलं होतं ती सरहद्द परदेशात गेली आणि नवी सरहद्द अमृतसरपासून हाकेच्या अंतरावर आली. नाव मात्र तेच राहिलं, थेट १९९६ पर्यंत. त्या वर्षी तिचं नाव स्वर्णमंदिर मेल झालं. १९४७ सालच्या पंजाबातल्या गाड्यांबद्दल मी इथे लिहीत नाही. ते सगळ्यांना माहीत आहे आणि दोन ओळींत उरकण्यासारखं ते नाही.

स्वातंत्र्य मिळालं तरी फळी लाकडीच राहिली. फळ्या एकावर एक आल्या, रात्री आडवं होता येऊ लागलं, ही सुधारणा खरीच, आणि मोठी. पण अंगाखाली लाकूड. १९७४ साली "तिसरा वर्ग" रद्द झाला. म्हणजे काय, तर डब्यावरचा तीनचा आकडा पुसून दोनचा काढला. बाकं तीच, फळ्या त्याच.

मी हे ऐकीव सांगत नाही. १९७५ साली आईला घेऊन हरिद्वारला गेलो होतो. वडील आदल्या वर्षी गेले होते आणि आईच्या मनात गंगेचं होतं. मुंबई सेंट्रलहून डेहराडून एक्सप्रेस. आरक्षणासाठी पालघरहून मुंबईला जाऊन अर्धा दिवस रांगेत उभा राहिलो होतो, कारण तेव्हा सगळं वहीत लिहायचे. बरोबर ट्रंक, वळकटी, पाण्याची सुरई आणि तीन दिवसांच्या दशम्या. गंमत म्हणजे मुंबईहून निघालेली गाडी दोन तासांत आम्हाला आमच्याच गावावरून पुढे घेऊन गेली. आई खिडकीतून अंधारात बघत म्हणाली, "आपलं गाव गेलं. आता सगळी गावं दुसऱ्यांची."

त्या दोन रात्री आई फळीवर वाकळ दुहेरी करून निजली. सकाळी तिला उठून बसायला हात द्यावा लागायचा, कारण कमरेचं हाड लागायचं. तक्रार नाही केली. तीर्थयात्रेत कष्ट व्हायचेच, असं तिचं गणित. कोट्याच्या पुढे एक राजस्थानी म्हातारी शेजारी आली, तिने आपली रजई आईच्या कमरेखाली सरकवली. दोघींना एकमेकींची भाषा कळत नव्हती. आईने तिला दशमी दिली, तिने आईला लसणाची चटणी दिली, आणि मथुरा येईपर्यंत दोघींनी सुनांबद्दल काय ते बोलून घेतलं असावं, कारण दोघी हसत होत्या. आम्ही परतलो तेव्हा देव्हाऱ्यात ठेवायला गंगेचा डाख लावलेला गडू होता आणि आईची कंबर पंधरा दिवस शेकावी लागली.

आता एका मास्तरांची गोष्ट. मधु दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. मूळचे नगरचे, समाजवादी, गोवा मुक्तीच्या सत्याग्रहातले. राजापुरातून लोकसभेवर निवडून गेले आणि १९७७ साली जनता पक्षाच्या सरकारात रेल्वेमंत्री झाले. जेमतेम सव्वादोन वर्षं. १९७४ च्या वीस दिवसांच्या देशव्यापी संपात ज्या रेल्वे कामगारांच्या नोकऱ्या गेल्या होत्या त्यांना त्यांनी परत घेतलं. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू केली, तिच्यात वर्गच नाहीत. सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे, कोणी वरचा नाही की खालचा नाही. आणि तिसरी गोष्ट अगदी साधी. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर त्यांनी दोन इंच फोम बसवायला लावला. पहिला वर्ग खाली ओढायचा नाही, दुसरा वर उचलायचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. सुरुवातीला मोठ्या मार्गांवरच्या गाड्यांना, आणि पुढच्या दहा वर्षांत हळूहळू सगळीकडे ती मऊ गादी आली.

दोन इंच! पुस्तकात याला अर्धी ओळसुद्धा मिळत नाही. पण १९८२ साली मी आईला काशीला घेऊन गेलो, तेव्हा ती फळीवर बसली आणि तळहाताने दाबून पाहू लागली. मग म्हणाली, "हे कोणी केलं रे?"

म्हटलं, "दंडवत्यांनी. आपल्यातलेच, मराठी. मास्तर होते."

"मास्तरच असणार," आई म्हणाली. "लाकडी बाकावर बसून काय होतं ते मास्तरांनाच ठाऊक."

त्या वेळी तिचं वय सत्तरीला आलं होतं. वाकळ तिने सवयीने आणली होती, ती दोन्ही रात्री उशाला राहिली. गोडसे भटजींना काशीपर्यंत जे दिव्य करावं लागलं ते एका अशिक्षित म्हातारीला झोपून करता आलं, याचं श्रेय इंजिनवाल्यांना आहेच. पण माझ्या मते त्या दोन इंचांना जास्त आहे.

आमच्या भागात तोवर सगळा देश राहायला आला होता. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, देशातलं पहिलं. पुढे बोईसरची एमआयडीसी वाढली. तामिळ, मल्याळी, बंगाली, ओडिया, तेलुगू, आणि कारखान्यांत उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार. त्यांची काही मुलं आमच्या मराठी शाळेतही येत. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीला ती गावी जात आणि शाळा सुरू झाल्यावर आठ-पंधरा दिवस उशिरा येत. हजेरीपटावर लाल रेघा पडत. कारण एकच, "सर, गाडीत जागा नव्हती." एका वर्षी मी रागावण्याऐवजी अशा एका मुलीला वर्गापुढे उभं केलं आणि म्हटलं, तुझ्या गावाची वाट सांग. ती डोळे मिटून सांगू लागली. बोईसर, सुरत, तिथे गाडी बदलायची, मग नंदुरबार, भुसावळ, खंडवा, इटारसी, जबलपूर, सतना, अलाहाबाद... सगळी स्थानकं, कुठे पाणी चांगलं मिळतं आणि कुठे गाडी उगाच उभी राहते यासकट. मी नकाशा पुढे धरला आणि मुलं एकेक ठिकाण शोधू लागली. मग मी विचारलं, "एवढं कसं पाठ झालं?" ती म्हणाली, "सर, दाराजवळ बसतो ना आम्ही. झोप येत नाही."

या उत्तरावर वर्गात कोणी हसलं नाही. आरक्षण १९८५-८६ पासून संगणकावर येऊ लागलं, आमच्यासारख्यांची रांग संपली, फोमची गादी मिळाली. पण ज्याला आज सांगून उद्या निघायचं असतं, ज्याच्या खिशात फक्त साध्या तिकिटाचे पैसे असतात, त्याच्यासाठी गाडीच्या दोन्ही टोकांना बिनआरक्षणाचे डबे. तिथे १९१७ सालच संपलेलं नव्हतं.

मग २०२० आलं. मार्चअखेर टाळेबंदी झाली, गाड्या बंद झाल्या. दीडशे वर्षांत प्रथमच आमचे रूळ असे गप्प पडले, फक्त मालगाड्या जायच्या. बोईसरचे कारखाने बंद, खोलीचं भाडं डोक्यावर. माणसं चालत निघाली. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर मनोर, चारोटीच्या बाजूला डोक्यावर बोचकी घेतलेल्या रांगा लागल्या. गोडसे भटजींच्या वाटेने, त्यांच्यासारखीच. फरक एवढाच की वाटेत उघडी धर्मशाळा नव्हती आणि कोणी ओसरीवर घ्यायला धजत नव्हतं.

८ मे २०२० ची पहाट. मध्य प्रदेशातले मजूर जालन्याहून भुसावळकडे रुळांच्या कडेने पायी निघाले होते. तिकडून गावची गाडी मिळेल अशी आशा होती. गाड्या बंद आहेत असं समजून औरंगाबादजवळ करमाडच्या अलीकडे-पलीकडे ते थकून रुळांवरच आडवे झाले. मालगाडी आली. सोळाजण गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचा फोटो होता. पाठ टेकायला जागा शोधणाऱ्या माणसाला या देशात शेवटी कुठली जागा मिळाली, ते त्या फोटोत होतं. तो अंक मी फार दिवस टाकू शकलो नाही.

१ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या होत्या. सरकारी आकडे सांगतात की ऑगस्टअखेरपर्यंत ४,६२१ गाड्यांनी ६३ लाखांहून अधिक माणसं घरी पोचवली. हे काम प्रचंड होतं आणि ते नाकारायचं कारण नाही. आमच्या जिल्ह्यातल्या स्थानकांतूनही गाड्या सुटल्या. त्यांतली एक २१ मेला वसई रोडहून गोरखपूरला निघाली आणि नेहमीच्या मार्गावर फार गर्दी झाल्यामुळे वळवली जाऊन पोचली ओडिशातल्या राउरकेल्याला! गोरखपूर सोडून कुठच्या कुठे. गाडीतल्या माणसांना काय वाटलं असेल? त्या श्रमिक गाड्यांतून प्रवास करताना ९७ माणसं दगावली, हेही सरकारनेच नंतर संसदेत सांगितलं.

आज आमच्या रुळांवरून वंदे भारत जाते, २०२२ च्या सप्टेंबरपासून. राजधानी तर १९७२ पासून जातेच. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्थानक व्हायचं आहे. ५०८ किलोमीटर, दोन तासांच्या आसपास. त्या गाडीत पाठ टेकायच्या आत उतरायची वेळ होईल. चांगली गोष्ट आहे, मी काही जुन्याचा हट्ट धरणारा नाही. गुडघे दुखतात तेव्हा मलाही एसीचा खालचा बर्थ लागतो आणि मुलगा मोबाइलवर तो दोन मिनिटांत काढून देतो.

पण २७ ऑक्टोबर २०२४ ची बातमीही तुम्ही वाचली असेल. दिवाळी-छठच्या गर्दीत वांद्रे टर्मिनसला गोरखपूरची अंत्योदय एक्सप्रेस फलाटावर लागताना चेंगराचेंगरी झाली. नऊ-दहा माणसं जखमी झाली. ती गाडी संपूर्ण बिनआरक्षणाची. आधी जो चढेल त्याला जागा. ती रीतसर सुटली असती तर दीड-दोन तासांनी आमच्या गावावरून गेली असती, आणि तिच्या दारात माझ्या त्या विद्यार्थिनीसारखं कोणीतरी बसलेलं असतं. २०२३ च्या अखेरीस अमृत भारत नावाच्या गाड्या सुरू झाल्या. त्यांत एसी नाही, सगळे डबे साधे आणि शयनयान. त्यांचा वेग किती, हे कौतुकाने सांगतात. मला त्यापेक्षा त्या साध्या डब्यांचं कौतुक वाटतं. दंडवत्यांच्या वाटेवरचं एक पाऊल म्हणून मी त्याकडे बघतो. अशी पावलं आणखी हवीत, आणि ती मोजायची कशी हे गांधीजींनी शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. पाचपट भाडं देणाऱ्याला जे मिळतं त्याचा पाचवा हिस्सा तरी एकपट देणाऱ्याला मिळाला का?

असो. मास्तर असल्यामुळे शेवटी गृहपाठ दिल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या घरात कोणी सत्तरी-ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर त्यांना विचारा, त्यांचा पहिला लांबचा प्रवास कुठून कुठे झाला, कोणत्या साली, आणि रात्री ते कुठे निजले होते. बाकावर, फळीवर, दोन बाकांच्या मधल्या जागेत, की दारात? शेजारी कोण होतं आणि त्याने काय खायला दिलं? ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारीख घालून. चुलत-मावस भावंडांनी तर हे मनावर घ्याच. आपल्या आजीचा द्वारकेचा प्रवास कोणाला आठवत असेल तर मला तो हवा आहे. मला फक्त एवढंच ठाऊक आहे की ती गेली होती आणि येताना तिचे पाय सुजले होते.